स्वभावाची प्रश्नपत्रिका

लहानपणी आई मला 'घुमा' म्हणत असे. वाडीत पाहुणे आले की मी माळ्यावर जाऊन बसे. आत्या-मावश्यांनी काही विचारले तर मान हलवून उत्तर देई. 'ह्याच्या तोंडाला कुलूप आहे आणि किल्ली बावखलात पडली आहे,' असे ती शेजारणींना हसत सांगे. पुढे नोकरी झाली, संसार झाला, धर्मग्रामाच्या कामात केस पांढरे झाले. तरी तो शब्द कुसळासारखा मनात रुतून राहिला होता. म्हणूनच 2022 सालच्या प्रायश्चित्तकाळात एका चिंतनशिबिरात मला जेव्हा कळले, की मी घुमा नसून 'अंतर्मुख' आहे, तेव्हा झालेला आनंद लपवणे मला कठीण गेले.

ते शिबीर विवाहित दाम्पत्यांसाठी होते. समुपदेशनाचे शिक्षण घेतलेल्या एका सिस्टरांनी दुसऱ्या दिवशी सकाळी आम्हां सर्वांना प्रश्नपत्रिका वाटल्या. समारंभातून परतल्यावर तुम्हांला उत्साह वाटतो की थकवा? निर्णय घेताना तुम्ही तर्काकडे अधिक पाहता की माणसांच्या भावनांकडे? आखलेला दिवस आवडतो की मोकळा? अशा प्रश्नांच्या उत्तरांतून चार जोड्यांपैकी प्रत्येकी एक बाजू निवडली जाते आणि एकंदर 16 गटांपैकी एक गट आपल्या वाट्याला येतो. माझ्या कागदावर 'आय-एस-टी-जे' अशी चार अक्षरे उमटली. म्हणजे अंतर्मुख, वस्तुस्थितीला धरून चालणारा, तर्कनिष्ठ आणि शिस्तप्रिय. बँकेत आयुष्य घालवलेल्या माणसाला याहून चांगले प्रशस्तिपत्र कोणते मिळणार?

सिस्टरांनी या परीक्षेचा इतिहास सांगितला, तो मला फार आवडला. तिचा उगम प्रयोगशाळेत नव्हे, एका अमेरिकन घरात झाला आहे. कॅथरिन ब्रिग्ज या गृहिणीची एकुलती एक मुलगी इझाबेल हिने क्लॅरेन्स मायर्स या तरुणाशी लग्न करायचे ठरवले. हा होऊ घातलेला जावई त्या घरातल्या माणसांहून अगदी निराळ्या पद्धतीने विचार करणारा होता. त्याला समजून घेण्याच्या धडपडीतून कॅथरिनबाई माणसांच्या स्वभावांचे प्रकार मांडू लागल्या. स्विस मनोवैज्ञानिक कार्ल युंग यांचा मानसिक प्रकारांवरचा ग्रंथ 1921 साली प्रसिद्ध झाला आणि 1923 साली त्याचे इंग्रजी भाषांतर आले. ते वाचून त्यांना आपलाच विचार अधिक खोलवर मांडलेला दिसला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इझाबेलने त्या विचारांवरून प्रश्न रचायला घेतले. 1962 साली अमेरिकेतल्या एका नामांकित परीक्षा-संस्थेने ते प्रसिद्ध केले. मायलेकींपैकी कोणीही मानसशास्त्राची पदवी घेतलेली नव्हती. इझाबेलचे या विषयावरचे पुस्तक 1980 साली, तिच्या मृत्यूच्या वर्षीच निघाले. त्याचे नाव तिने संत पौलाच्या रोमकरांस पाठवलेल्या पत्राच्या बाराव्या अध्यायातून घेतले होते. आपल्याला लाभलेल्या कृपेप्रमाणे आपली दानेही निरनिराळी असतात, असे पौल जिथे सांगतो ते ते स्थळ. सासूला जावई उमगेना, यातून सुरू झालेला हा शोध अखेरीस पौलापाशी येऊन विसावला, ही गोष्ट मनाला भिडली.

या परीक्षेने आमच्या घरात थोडे भलेही केले, हे मान्य केले पाहिजे. माझी पत्नी बोलता बोलता विचार करते. मी विचार पुरा झाल्यावाचून बोलत नाही. तीस वर्षे मी तिच्या बोलण्याला निर्णय समजत होतो आणि ती माझ्या मौनाला नकार समजत होती. 'म्हणजे तुम्ही गप्प बसता तेव्हा रागावलेले नसता?' तिने शिबिरातच विचारले. मी म्हटले, 'नेहमी नसतो.' आम्ही दोघेही हसलो. स्वभावातल्या भिन्नतेला दोष न मानता भिन्नताच मानावे, एवढा धडा पदरी पडला, तरी अशी सकाळ वाया गेली असे म्हणता येणार नाही.

परंतु मी तेवढ्यावर थांबलो नाही. ती चार अक्षरे मी घरी आणली आणि वकीलपत्रासारखी वापरू लागलो. नातेवाइकांच्या साखरपुड्याला जायचे नाही? मी अंतर्मुख. शेजाऱ्याच्या मयतानंतर सांत्वनाला जायचे नाही? मला भावना व्यक्त करता येत नाहीत, माझा पिंडच तसा. आणि मग दादाची गोष्ट निघाली.

दादा माझा थोरला भाऊ. आमच्या दोन घरांमध्ये एक विहीर आणि केळीच्या दोन रांगा, एवढेच अंतर. वडिलांच्या पश्चात वाटणी झाली तेव्हा विहिरीकडचा बांध त्याने दीड हात सरकवला असे मला वाटले. त्याला वाटले, मीच सरकवला. त्यावरून शब्दाला शब्द वाढला आणि पुढे शब्दच संपले. नऊ वर्षे आम्ही एकाच देवळात, एकाच मिस्साला, दोन वेगळ्या दारांनी जात होतो. शिबिरानंतर दहा-बारा दिवसांतच त्याला अर्धांगवायूचा झटका आला. इस्पितळातून त्याला घरी आणल्याचे कळले तेव्हा पत्नी म्हणाली, 'आता तरी जाऊन या.' मी उत्तर दिले, 'तुला ठाऊक आहे, आपण होऊन बोलायला जाणे माझ्या स्वभावात नाही. त्या कागदावरही तेच आले आहे.'

ती क्षणभर माझ्याकडे पाहत राहिली. मग तिने विचारले, 'फादरांपाशी प्रायश्चित्त संस्काराला जाता तेव्हा हे पाप म्हणून सांगता की स्वभाव म्हणून?'

मी काही बोललो नाही. खरे उत्तर असे होते, की नऊ वर्षांत मी ते सांगितलेच नव्हते.

त्याच रात्री तिने माझ्या कपाटातून शिबिरातली कोरी प्रश्नपत्रिका काढली. शिबिरात सिस्टरांनी चार-पाच जास्तीच्या प्रती दिल्या होत्या. 'आता मी तुमच्या वतीने सोडवते,' असे म्हणून ती चष्मा लावून बसली. गर्दीत गेल्यावर उत्साह वाटतो का, या प्रश्नावर तिने 'होय' अशी खूण केली. मी हरकत घेतली. ती म्हणाली, 'चर्च कमिटीच्या सभेत तुमचा आवाज रस्त्यापर्यंत ऐकू येतो. गायनमंडळाच्या सहलीत बसमध्ये तुम्हीच सगळ्यांना हसवत होतात. बँकेतल्या मित्रांचा फोन आला की तासभर बोलता. घुमे होता ते फक्त दोन ठिकाणी. माझ्यापुढे आणि दादांपुढे.'

तिच्या कागदावर पहिले अक्षर 'ई' आले. बहिर्मुख!

त्या रात्री मला झोप लागली नाही. मी जगाशी घुमा नव्हतो. जिथे मला नमते घ्यावे लागले असते, तिथेच माझ्या तोंडाला कुलूप पडत होते. प्रश्नपत्रिकेने मला जे विचारले होते, त्याची मी मनापासून उत्तरे दिली होती. पण मला काय रुचते, एवढेच ती विचारत होती. माझे कोणाला काय देणे लागते, हा प्रश्न तिच्यात नव्हता. परमेश्वराने काइनाला त्याचा स्वभाव विचारला नव्हता; त्याचा भाऊ कुठे आहे, ते विचारले होते.

माझी मुलगी मानसशास्त्र शिकते. दुसऱ्या रविवारी ती घरी आली तेव्हा मी तिला हे सारे सांगितले. तिने एक कागद माझ्यापुढे ठेवला. 'पप्पा, हे वर्णन वाचा आणि तुम्हांला किती लागू पडते ते पाचांपैकी गुण देऊन सांगा.' इतरांनी आपल्याला मान द्यावा असे मला वाटते, स्वतःकडे मी कठोरपणे पाहतो, माझ्या अंगची बरीच शक्ती अजून वापरलेली नाही, अशा अर्थाची वाक्ये होती. मी साडेचार गुण दिले. ती हसली. बर्ट्रम फोरर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1948 साली आपल्या 39 विद्यार्थ्यांची स्वभावपरीक्षा घेतली आणि प्रत्येकाला 'हे तुझे वर्णन' म्हणून एकेक कागद दिला. विद्यार्थ्यांनी सरासरी 4.26 गुण दिले. प्रत्यक्षात सर्वांना एकच मजकूर दिलेला होता आणि त्यातला बराचसा भाग रस्त्यावर विकल्या जाणाऱ्या राशिभविष्याच्या पुस्तकातून घेतलेला होता!

'म्हणजे सिस्टरांची परीक्षाही खोटी?' मी विचारले.

'अगदी तशी नाही. तिच्यात निदान तुमचीच उत्तरे असतात,' ती म्हणाली. 'पण समजा, पाच फूट पाच इंचांवर रेघ मारली आणि वरच्या साऱ्यांना उंच, खालच्या साऱ्यांना बुटके ठरवले, तर अर्ध्या इंचाच्या फरकाने माणूस दुसऱ्या गटात जाईल ना? बहुतेक माणसे त्या रेघेच्या आसपासच असतात. म्हणून पाच-सहा आठवड्यांनी तीच परीक्षा पुन्हा दिल्यावर जवळजवळ निम्म्या लोकांचा गट बदललेला काही अभ्यासांत आढळला आहे. संशोधक आता माणसांना कप्प्यांत न टाकता प्रत्येक गुण कमी-अधिक प्रमाणात मोजतात. पूर्ण अंतर्मुख किंवा पूर्ण बहिर्मुख असा कोणी नसतो, हे तर स्वतः युंगच सांगत होते.'

आपल्या ख्रिस्तसभेलाही हा मोह नवा नाही. 1970 च्या दशकात नऊ स्वभावप्रकारांची 'एनिआग्राम' नावाची पद्धत अमेरिकेतल्या काही येशूसंघीय धर्मगुरूंमार्फत चिंतनगृहांत शिरली आणि पुढे दूरवर पसरली. 2003 साली व्हॅटिकनच्या दोन परिषदांनी नवयुगवादी विचारांविषयी दस्तऐवज काढला, तेव्हा आध्यात्मिक वाढीचे साधन म्हणून या पद्धतीचा वापर केल्यास श्रद्धेत संदिग्धता येते, असा इशारा त्यात दिला. मला त्या इशाऱ्यामागचे कारण आता समजते. आपला क्रमांक एकदा कळला, की पश्चात्तापाची जागा स्पष्टीकरण घेऊ लागते.

आत्मज्ञानाचे महत्त्व आपल्या संतांना कमी का वाटत होते? आविलाच्या संत तेरेजाने 1577 साली लिहिलेल्या 'अंतरीचा किल्ला' या अर्थाच्या ग्रंथात पहिल्याच दालनापासून आत्मज्ञानाचा आग्रह धरला आहे. पण मधमाशी पोळ्यात मध तयार करते, तशी मध गोळा करायला बाहेर फुलांवरही जाते, याची ती लगोलग आठवण करून देते. आत्म्यानेही अधूनमधून स्वतःतून बाहेर पडून देवाच्या थोरवीकडे पाहावे, म्हणजे त्याला आपले क्षुद्रपण अधिक स्पष्ट दिसेल, असे तिचे सांगणे आहे. लोयोलाचे संत इग्नाशिअस रोज दोनदा विवेकपरीक्षण करायला सांगत आणि एक धीट उपायही सुचवत : मन ज्या बाजूला अवाजवी कलते, नेमके त्याच्या उलट वागावे. प्रार्थना नकोशी झाली, तर ठरलेल्या तासाहून थोडे अधिक थांबावे. कल कोणता, हे प्रश्नपत्रिका सांगू शकेल; त्याच्या उलट चालायचे बळ मात्र प्रार्थनेतूनच मागून घ्यावे लागते.

मार्था आणि मरिया या बहिणींचीही आपण अशीच विभागणी करून टाकली आहे. मार्था म्हणजे कामाची, मरिया म्हणजे चिंतनाची. पण लाजरसच्या मृत्यूनंतर मरिया घरात बसून राहिली आणि मार्थाच प्रभूला सामोरी गेली. तो ख्रिस्त, देवाचा पुत्र आहे, ही कबुली योहानाच्या शुभवर्तमानात स्वयंपाकघरातल्या त्या मार्थाच्याच तोंडी आहे. तिचे चार अक्षरी वर्णन आपण आधीच लिहून ठेवले असते, तर ही मार्था आपल्याला दिसलीच नसती.

पवित्र सप्ताहातल्या बुधवारी संध्याकाळी मी केळीच्या दोन रांगा ओलांडल्या. दादा ओट्यावर खुर्चीत बसला होता. डावा हात मांडीवर निपचित पडलेला. वहिनीने खुर्ची दिली, चहा आणला आणि काही न बोलता आत गेली. आम्ही दोघे बसून राहिलो. कोणीच बोलेना. तेवढ्यात माझ्या ध्यानात आले, की आई ज्याला घुमा म्हणत असे तो मी एकटा नव्हतो. आमचे वडीलही असेच बसत, याच ओट्यावर.

बऱ्याच वेळाने दादाने वाकड्या झालेल्या तोंडाने विचारले, 'बागेला पाणी सोडलंस?'

'सोडलं,' मी म्हणालो. आणि मग, घशातला आवंढा गिळून, 'दादा, माझं चुकलं.'

त्याने चांगला हात उचलला आणि माझ्या गुडघ्यावर ठेवला. 'बस थोडा वेळ,' एवढेच तो म्हणाला.

ईस्टरनंतर मी कुतूहल म्हणून ती प्रश्नपत्रिका पुन्हा सोडवली. या वेळी तिसरे अक्षर बदलले होते. तर्काच्या जागी भावना आली होती. मुलगी म्हणाली, 'रेघ ओलांडलीत, पप्पा.' मी हसलो. विहिरीकडचा बांध अजून होता तिथेच आहे, त्याची मोजणी व्हायची आहे. मी आजही समारंभातून लवकर घरी येतो. रोज संध्याकाळी मात्र दादाच्या ओट्यावर जाऊन बसतो. आम्ही फारसे बोलत नाही. पण रविवारच्या मिस्साला त्याची चाकांची खुर्ची मीच ढकलत नेतो, आणि शांतीचे चिन्ह द्यायची वेळ आली, की तो माझ्याकडे वळण्याआधी मी त्याच्याकडे वळतो.