नकाशाचा चिमटा

या पानावर सहसा घरातल्या गोष्टी येतात. आज आम्ही कचेरीतल्या एका वस्तूबद्दल लिहिणार आहोत. वाचकांनी कंटाळू नये, कारण ती वस्तू पुढे घरातही येते.

वस्तू अगदी साधी आहे. दोन लांब पट्ट्या, दोन स्क्रू आणि दोन नट. मोठमोठ्या नकाशांची एक कड या पट्ट्यांच्या मध्ये धरायची, नट आवळायचे आणि सगळी चळत स्टँडवर टांगून द्यायची. कागदाला भोक नाही, टाचणी नाही, घडी नाही. माल विकणाऱ्यांच्या यादीत तिला प्लॅन हँगर किंवा ड्रॉइंग क्लॅम्प म्हणतात. आमच्या कचेरीतले शिपाईमामा तिला ‘चिमटा’ म्हणतात, म्हणून आम्हीही तेच म्हणतो.

आम्ही बी.कॉम. झालेले कारकून. जमाखर्च शिकून एका नगरपालिकेत लागलो आणि काही वर्षांनी बांधकाम विभागाच्या नकाशांची खोली आमच्या वाट्याला आली. कारकुनाला कागदाची भीती नसते. अर्ज, टिपणी, नस्ती, आवक-जावक हे सगळे आकाराने माफक असते. टेबलावर मावते, कपाटात मावते, रुमालात बांधता येते. आपल्या महाराष्ट्रात दप्तर रुमालात बांधण्याची रीत जुनी आहे. पेशवे दप्तराचे रुमाल तर प्रसिद्धच आहेत. पण ही रीत हातभर कागदाची. नकाशा हा त्या घराण्यातला नव्हे.

सर्वांत मोठा प्रमाणित नकाशा ए-० आकाराचा. त्याची रुंदी ८४१ मिलिमीटर आणि लांबी ११८९ मिलिमीटर, म्हणजे बरोबर एक चौरस मीटर कागद. आमच्या टेबलापेक्षा मोठा. असा कागद हाती आला की माणूस दोनच गोष्टी करतो: घडी घालतो, नाहीतर गुंडाळी करतो. आमच्या खोलीत दोन्ही केलेले होते, आणि काही नकाशांच्या बाबतीत तर आधी घडी घालून मग गुंडाळी केली होती.

घडीचे काय होते हे आमच्या आयाबहिणींना सांगायला नको. जुने लुगडे ट्रंकेत वर्षानुवर्षे एकाच घडीत ठेवले की ते अंगावर घालून फाटत नाही, घडीवर विरते. कागदाचेही तसेच. घडीवर त्याचे तंतू मोडतात, तिथे धूळ बसते, पावसाळ्यातली ओल शिरते आणि एक दिवस उघडताना नेमकी तीच रेघ हातात तुटून येते. गुंडाळीत तेवढा मोड पडत नाही, पण गुंडाळीचा दोष वेगळा. दहा नकाशे एकात एक गुंडाळून पत्र्याच्या नळीत घातले की बाहेरून एकच नळी दिसते. आतला सातवा नकाशा कोणता, हे पाहण्यासाठी दहाही उलगडावे लागतात. उलगडले की ते पुन्हा आपोआप गुंडाळले जातात. चार कोपऱ्यांवर पेपरवेट, पंचिंग मशीन, चहाचा कप, जे हाताला येईल ते ठेवायचे. काम झाले की घाईने परत कोंबायचे. असे दोनदा-तीनदा झाले की पुढचा माणूस नळी उघडायलाच तयार होत नाही. मग अर्जदाराला उत्तर मिळते, “नकाशा सापडत नाही.”

हे उत्तर २०१४ साली एका बाईंना आमच्या कचेरीत चार वेळा मिळाले होते. त्यांचे पती सफाई कामगार होते, ते वारल्यानंतर दोन मुलांना घेऊन त्या जुन्या कामगार वसाहतीत राहत होत्या. घराशेजारी साडेतीन फुटांची बोळ. त्या बोळीतून नळाकडे आणि संडासाकडे जायचे. शेजारच्याने एक दिवस तिथे पत्रा ठोकला आणि ही जागा आमचीच म्हणून सांगू लागला. बोळ मंजूर नकाशात आहे की नाही, एवढाच प्रश्न. बाई पाचव्यांदा आल्या तेव्हा ती खोली आमच्याकडे आलेली होती. “दादा, नकाशा नसेल तर नाही म्हणून लिहून द्या, म्हणजे मी येणं बंद करते,” त्या म्हणाल्या. चिडून नव्हे, अगदी शांतपणे म्हणाल्या. ते जास्त लागले.

मामा आणि आम्ही दोन दिवस नळ्या उघडत बसलो. नकाशा मिळाला. तो चौपदरी घडी घालून मग गुंडाळलेला होता. उघडला तर मधल्या घडीवर अर्ध्या इंचाची पट्टीच्या पट्टी गेलेली, आणि बोळीच्या मापाचा आकडा त्या पट्टीत होता. बाजूला बोळीची एक रेघ दिसत होती, दुसरी नव्हती. एका रेघेवरून बोळ सिद्ध होत नाही. पुढे त्याच आराखड्याचे मूळ ट्रेसिंग दुसऱ्या एका विभागात सपाट खणाच्या कपाटात मिळाले. ते कुणी जपून ठेवले म्हणून नव्हे, त्या कपाटाकडे कुणी फिरकले नव्हते म्हणून शाबूत राहिले. त्यावर दोन्ही रेघा होत्या आणि आकडाही होता. पत्रा निघाला. पण या सगळ्याला सात महिने गेले आणि सात महिने त्या घरातले पाणी वसाहतीला वळसा घालून आले.

माहितीचा अधिकार अधिनियम २००५ च्या कलम ४ मध्ये प्रत्येक सार्वजनिक कार्यालयाने आपले अभिलेख सूचीबद्ध करून नीट ठेवावेत असे बंधन आहे. आम्ही संध्याकाळी वस्तीत लोकांना अर्ज लिहून देतो, तेव्हा हे कलम कितीदा लिहिले असेल त्याची गणती नाही. पण दहा नकाशांची एक नळी सूचीबद्ध कशी करायची? सूचीत नाव येईल, हातात कागद येणार नाही. कायद्याला इथे दोन पट्ट्यांची आणि दोन नटांची गरज होती.

चिमट्यांची मागणी आम्ही टिपणी लिहून वर पाठवली. ती परत आली. शेरा होता, ‘ही वस्तू फर्निचर आहे की स्टेशनरी?’ दोन्हींची तरतूद वेगळी, मंजुरी देणारे साहेब वेगळे. आम्ही लिहिले, स्टँड फर्निचर आणि चिमटे स्टेशनरी. मग चिमट्याविना स्टँड कशाला, असा पुढचा शेरा. तीन दरपत्रके, तुलनात्मक तक्ता, सगळे सोपस्कार होऊन वर्षाने एक लोखंडी स्टँड आणि बारा चिमटे आले. डेडस्टॉक रजिस्टरला नोंद आमच्याच अक्षरात आहे.

आता चिमट्याचे गुण सांगतो आणि दोषही सांगतो. ८० ग्रॅम वजनाच्या साध्या कागदाचा ए-० नकाशा बरोबर ८० ग्रॅम भरतो. असे शंभर नकाशे एका चिमट्यात धरले तर ८ किलो झाले. हे सगळे वजन वरच्या कडेच्या पकडीवर लटकते. म्हणून आम्ही पन्नासच्या वर जात नाही. धरण्याआधी चळत टेबलावर ठोकून कडा सारख्या करायच्या. एक कागद जरी आत राहिला तरी तो पकडीत येत नाही आणि महिन्याभराने खाली घसरलेला दिसतो. दोन्ही नट थोडे थोडे आळीपाळीने आवळायचे. एक पूर्ण आवळून मग दुसरा आवळला तर पकड तिरकी बसते.

आणखी एक गंमत. नकाशाचे नाव, क्रमांक, प्रमाण हे सर्व उजव्या हाताच्या खालच्या कोपऱ्यात असते आणि बांधणीसाठी डाव्या बाजूला समास सोडलेला असतो. त्यामुळे चिमटा डाव्या कडेला लावतात. टेबलावर ठेवला की वहीसारखी पाने उलटतात, फार सोयीचे होते. पण स्टँडवर टांगला की डावी कड वर जाते आणि सगळा नकाशा आडवा होतो. क्रमांक वाचायला मान वाकडी करावी लागते. आमच्याकडे नवीन आलेला प्रत्येक जण पहिले आठ दिवस मान वाकडी करून फिरत असे. मग मामांनी युक्ती काढली. प्रत्येक चिमट्याच्या टोकाला पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधली, त्यावर आतल्या नकाशांचे क्रमांक लिहिले, आणि तीच यादी दाराच्या आत चिकटवली. आता अर्जदार समोर उभा असताना नकाशा निघतो. त्याला पुढच्या सोमवारी या म्हणावे लागत नाही.

सगळे काही टांगू नये, हेही सांगितले पाहिजे. रोज हाताळायचे नकाशे टांगावेत. जुना, ठिसूळ झालेला कागद टांगला तर स्वतःच्या वजनाने पकडीजवळ फाटतो. त्याची जागा सपाट खणात. खळ दिलेल्या तलम कापडावरची जुनी ट्रेसिंगे आहेत, त्यांना पाण्याचा थेंबही चालत नाही, कारण पाण्याने खळच निघते. ‘ब्ल्यू प्रिंट’ हा शब्द आता पुढाऱ्यांच्या भाषणात राहिला आहे, पण ती मुळात निळ्या कागदावर पांढऱ्या रेघांची खरीखुरी प्रत. तिची रीत जॉन हर्शेल या शास्त्रज्ञाने १८४२ साली शोधली. तिच्यानंतर अमोनिया प्रिंट आली. आम्ही नोकरीला लागलो तेव्हा मागच्या खोलीत ते यंत्र चालत असे आणि वासाने डोळ्यांना धार लागे. या दोन प्रकारच्या प्रती एकत्र ठेवू नयेत, एकीच्या रसायनाने दुसरी बिघडते. आणि अमोनिया प्रिंट उन्हात राहिली की रेघा फिकट होत जातात. म्हणून स्टँड खिडकीपाशी नको. भिंतीलाही टेकवू नये, वीतभर अंतर ठेवावे. वाळवी भिंतीवरूनच वर चढते.

आता ही वस्तू घरात कशी आली ते सांगतो. आमच्या चाळीतली एक मुलगी आयटीआयला ड्राफ्ट्समन सिव्हिलला आहे. दोन वर्षांचा कोर्स, आणि सगळा अभ्यास मोठ्या शीटवर. दहा बाय दहाच्या खोलीत माणसे पाच. शीट प्लास्टिकच्या कंटेनरमध्ये गुंडाळून ठेवायची. “काका, कंटेनरमधून काढलेली शीट टेबलावर बसतच नाही,” ती म्हणाली, “रेघ मारताना ड्राफ्टरखालून उठते.” मध्यंतरी गादीखाली सपाट ठेवून पाहिल्या, तर धाकट्या भावाने रात्री पाण्याचा तांब्या लवंडला. तीन शीट पुन्हा काढाव्या लागल्या. पुन्हा काढायला नवा कागद लागतो आणि तिची आई दोन घरची धुणी-भांडी करते.

आम्ही वखारीतून लाकडाच्या दोन पट्ट्या आणल्या. ए-१ शीटची आखूड बाजू साडेतेवीस इंच भरते, म्हणून पट्टी २८ इंचांची घेतली. रुंदी दीड इंच, जाडी अर्धा इंच. भोके दोन्ही टोकांना, शीटच्या बाहेर, म्हणजे कागदाला इजा नाही. पाव इंची बोल्ट, वायसर आणि हाताने फिरवता येतो तो पंखांचा नट. दुकानात विंग नट म्हणून मागावा. पट्टीच्या आतल्या बाजूला जुन्या सुती कापडाची फीत चिकटवली. सायकलच्या ट्यूबचे रबर चांगली पकड देते, पण काही दिवसांनी ते चिकट होते आणि कागदावर डाग पडतो. लाकूड टोकांना आवळले की मध्ये किंचित फुगते आणि मधली पकड सैल पडते. त्यावर चाळीतल्या सुतारदादांनी उपाय सांगितला: मधल्या भागात कापडाखाली पातळ पुठ्ठ्याची एक पट्टी घालायची, म्हणजे दाब तिथेही पोचतो.

ड्रॉइंगचा जाड कागद १५० ग्रॅमचा धरला तर एक ए-१ शीट ७५ ग्रॅमची. चाळीस शीट म्हणजे ३ किलो, एवढे वजन घरातली वलणी सहज पेलते. तिथेच, कपड्यांच्या शेजारी, चुलीपासून लांबच्या टोकाला तो चिमटा दोन आकड्यांवर अडकवला आहे. वरून जुन्या साडीचा पडदा. पंखा लावला की शीट फडफडतात, म्हणून खालच्या कडेला मुलीने दोन कपड्यांचे चिमटे लावले आहेत. चिमट्याला चिमटा, असे तिचा भाऊ म्हणतो. तिच्या वर्गातल्या दोघींनी माप लिहून नेले.

आमच्या कचेरीत आता बहुतेक नवे नकाशे संगणकावर निघतात आणि जुने स्कॅन करण्याचे काम चालू आहे. स्कॅनरलाही सपाट कागद लागतो. गुंडाळीतला कागद काही दिवस टांगून सरळ केल्याशिवाय यंत्रात घालता येत नाही. त्यामुळे बारा चिमटे एवढ्यात मोकळे होणार नाहीत. पत्र्याच्या नळ्या अजून दोनशेच्या वर उघडायच्या बाकी आहेत. मामा पुढच्या वर्षी निवृत्त होतात. त्यांनी आणि आम्ही मिळून नळ्यांवर खडूने खुणा केल्या आहेत. बंगल्यांच्या आणि दुकानांच्या नळ्या मागच्या रांगेत, कामगार वसाहतींच्या पुढे. पावसाळ्याआधी पहिली रांग संपवायची आहे.