स्पीकरची पेटी

नगारा मोठा म्हणून त्याचा आवाज घनगंभीर आणि टिमकी लहान म्हणून तिचा कडकडाट, अशी आपल्या मनाची एक ठाम समजूत असते. शिलाँगसारख्या गिटारवेड्या गावी नोकरीनिमित्त राहणाऱ्या माणसाला मात्र ती फार दिवस सांभाळता येत नाही.

माझ्या शेजारचा खासी तरुण गिटारच्या ध्वनिवर्धकासाठी बारा इंची चार स्पीकरांची भली मोठी पेटी घ्यावी की एकाच स्पीकरची लहान, या पेचात पडला होता. दोन वर्षांची बचत पणाला लागलेली. त्यामुळे आमच्या संध्याकाळच्या चर्चेला चांगलेच गांभीर्य आले.

गिटारची सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे ८२ कंपने करते. स्पीकर दहा इंची की बारा इंची, एवढ्यावरून त्या स्वराची खोली ठरत नाही. कागदी शंकूचे वजन, त्याच्या कडेचा ताठपणा आणि पेटीची घडण यांचाही तिच्यात मोठा वाटा असतो. संख्येचे बळ निराळे. १९५९ सालच्या फेंडर कंपनीच्या 'बासमन'मध्ये दहा इंची चार स्पीकर असत. त्यांचे एकत्रित क्षेत्रफळ बारा इंची दोहोंपेक्षा अधिक भरते. चौघांनी मिळून हवा ढकलली की खालच्या स्वरांच्या लांब लाटांपुरते ते चार उरत नाहीत, एकच विशाल मुख होतात.

वरच्या स्वरांची गत वेगळी. लाट शंकूच्या व्यासाइतकी आखूड झाली की आवाज चहूकडे न पसरता झोतासारखा समोर धावू लागतो. बारा इंची स्पीकरच्या बाबतीत हे सेकंदाला हजार-अकराशे कंपनांच्या आसपास सुरू होते. त्यातून स्पीकर चार असले, तर बाजूच्या माणसापर्यंत त्यांच्या लाटा मागेपुढे पोहोचून एकमेकींना गिळतात. वादक पेटीच्या कडेला उभा आणि पेटी त्याच्या गुडघ्याशी. त्याला सूर बोथट वाटतो, म्हणून तो धार वाढवतो आणि समोरचा श्रोता कानांवर हात ठेवतो!

मोठेपणाचा हव्यास थोरांनाही सुटला नाही. १९६५ च्या सुमारास पीट टाउनशेंड यांनी लंडनच्या जिम मार्शल यांच्याकडून बारा इंची आठ स्पीकरांची एकच पेटी करवून घेतली. ती उचलणाऱ्यांचा जीव मेटाकुटीस आला, तेव्हा चार-चारांच्या दोन पेट्या एकीवर एक रचण्याची रीत पडली.

शेजाऱ्याने अखेर एकाच स्पीकरची पेटी घेतली. ती तो खुर्चीवर, तोंड आपल्याकडे वळवून ठेवतो. समोरच्याला जे ऐकावे लागते, ते आधी स्वतःच्या कानी पडावे, एवढाच त्याचा हेतू.

परप्रांतीच्या कचेरीत वावरताना मला त्या खुर्चीची अनेकदा आठवण होते. आपल्याला साधासरळ वाटणारा आपला मराठी रोखठोकपणा टेबलापलीकडच्या माणसाला किती टोचत असेल, हे आपल्या बाजूने ऐकू येत नाही. बोलण्याची पेटी अशी वळवून ठेवण्याची सोय मात्र कोणत्याही दुकानात मिळत नाही. ती ज्याची त्यालाच करावी लागते.