तिसऱ्या रंगाची जागा

माझ्या कामाच्या टेबलामागे खुंटीला एक जुनं इरकली लुगडं असतं. अंग काळं, काठ आणि पदर लाल, पदरात पांढरे टोकेरी आकार. लोगो नाहीतर पाकीट करून घ्यायला आलेल्या माणसाशी रंगांचं बोलणं निघालं, की मी ते खाली काढते आणि टेबलावर पसरते. तीन ठसठशीत रंग एका घरात कसे नांदवायचे, याचा इतका नेमका धडा मला दुसरीकडे कुठे मिळालेला नाही.

आलेला माणूस आधी काळ्यावर हात फिरवतो. मग काठाचा लाल धरून पदरापर्यंत येतो, आणि तिथे थबकतो. नऊ वारांत पांढरा भेटतो तो फक्त इथेच. अशा पदराला टोपपदर म्हणतात. त्याची रीत अशी, की लालाचे तीन पट्टे आणि त्यांच्यामधे पांढऱ्याचे दोन. म्हणजे पांढरा चहूकडून लालाच्या कुशीत असतो, काळ्याशी त्याची गाठच पडत नाही. तो आहे लालाला उजाळा देण्यासाठी, आणि तेवढंच काम करतो.

हे विणकामातही मुरलेलं आहे. इरकली लुगडी जिथली, त्या बागलकोट जिल्ह्यातल्या इळकलचे विणकर अंगाच्या ताण्याला पदराचा वेगळा ताणा फासे घालून जोडतात. अंगाचा ताणा सुती, पदराचा लाल रेशमी. एवढी खटपट कशासाठी? काळ्याच ताण्यावर लाल बाणा भरला असता, तर दोन्ही धागे एकमेकांतून डोकावले असते आणि लाल मळकट तांबूस दिसला असता. लालावर लाल विणला की तो भरून येतो. रंग निवडून भागत नाही, तो शुद्ध उमटावा म्हणून मागावर वेगळी सोय करावी लागते, हे त्या विणकरांना केव्हाच ठाऊक होतं.

मला ते ठेच लागून कळलं. सुरुवातीच्या काळात एका मसालेवाल्यांचं पाकीट केलं होतं. लाल, निळा, पिवळा, तिन्ही अगदी सारखे वाटून दिले. नाव निळ्यावर लाल अक्षरांत. पाकिटं छापून आली आणि बघवेना. अक्षरांच्या कडा थरथरत होत्या, नजर ठरत नव्हती. तो लाल आणि तो निळा रंग म्हणून कितीही वेगळे असले, तरी त्यांचा गडदपणा सारखा होता, आणि अक्षराची कड डोळ्याला ओळखू येते ती मुख्यतः उजेड-अंधाराच्या फरकावर. त्यात छापताना रजिस्ट्रेशन केसभर सरकलं, दोन रंगांच्या मधे कागदाची पांढरी रेघ उघडी पडली. तेव्हापासून रंग एकमेकांवर किंचित चढवून घेते, आणि काम छापखान्यात जाण्याआधी त्याचा मोबाइलवर कृष्णधवल फोटो काढून बघते. तीन रंगांचे तीन वेगळे करडे दिसले नाहीत, तर पुन्हा कामाला बसायचं.

साठ-तीस-दहा टक्क्यांचा एक नियम सगळीकडे सांगतात. सुरुवात करायला तो ठीक आहे. पण ते दहा टक्के कुठे ठेवायचे हे तो सांगत नाही, आणि खरं काम तिथेच आहे.

उत्रेख्तचे सुतार आणि वास्तुकार गेरिट रीटवेल्ड यांची लाल-निळी खुर्ची घ्या. 1918च्या सुमारास ती घडली तेव्हा नुसत्या लाकडाची होती, रंग नंतर चढले, 1923च्या आसपास. पाठ लाल, बैठक निळी, सांगाडा काळा. आणि पिवळा? लाकडी दांड्या जिथे कापल्या, त्या चौकोनी तोंडांवर. बाकी कुठेच नाही. त्या पिवळ्या ठिपक्यांमुळे प्रत्येक दांडी कुठवर येऊन संपते ते लांबूनही कळतं, सगळी जोडणी डोळ्यांपुढे उलगडते. रीटवेल्ड यांच्याच दे स्टाइल गटातले चित्रकार पिट मोंद्रियान काळ्या-पांढऱ्याला रंगांत धरत नसत. मला ते पटत नाही. छापखान्यात वावरलेल्या माणसाला कागदाचा पांढरासुद्धा रंगच असतो, फुकट मिळालेला आणि म्हणून सर्वांत जपून वापरायचा.

मोंद्रियान यांची चित्रं अंगावर आली ती 1965मध्ये, फॅशन डिझायनर ईव सां लोराँ यांच्या पोशाखांतून. त्या पोशाखांच्या भराभर नकला निघाल्या. पण अस्सल पोशाखात रंगाचा प्रत्येक चौकोन लोकरी जर्सीचा स्वतंत्र तुकडा होता, आणि अंगाला बेतण्यासाठी लागणाऱ्या शिवणी त्या चौकटींच्या रेघांत दडवलेल्या होत्या. म्हणून चालत्या बाईच्या अंगावरही रेघ सरळ राही. इळकलच्या मागावरच्या फाशांचीच ही जातकुळी.

परवा एक गूळवाले आले होते. गडद काळं पाकीट आणि हळदी पिवळी अक्षरं इथवर आमचं जमलं. तिसरा लाल. त्यांना तो नावात हवा होता, निदान एका अक्षरात तरी. मी लुगडं काढून पसरलं. ते बराच वेळ पदर न्याहाळत राहिले, मग पांढऱ्या टोकांवर बोट ठेवून म्हणाले, "हे एवढंच आहे होय, ताई?" आता लाल पाकिटाच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात आहे, जिथून ते फाडायचं त्या खाचेपाशी, नखाएवढा.