चेल्याबिन्स्कच्या खिडक्या

रशियात उरल पर्वताच्या पूर्वेला, मियास नदीवर चेल्याबिन्स्क शहर आहे. पोलादाचे कारखाने, धूर आणि कडाक्याची थंडी. दुसऱ्या महायुद्धात इथे इतके रणगाडे तयार झाले की लोक त्याला ‘टँकोग्राड’ म्हणू लागले. सहलीच्या यादीत हे गाव सहसा नसतं. तरीही इथल्या संग्रहालयातला एक काळा दगड बघायला लोक वाट वाकडी करून येतात. जवळच्या चेबारकुल तलावातून ऑक्टोबर २०१३ मध्ये तो वर काढला, तेव्हा पाचशे किलोंच्या पुढे जाऊन वजनकाटाच मोडला!

हा उल्केचा तुकडा. (कानडीत ‘उल्के’, फरक एका मात्रेचा.) १५ फेब्रुवारी २०१३ च्या सकाळी सुमारे वीस मीटर रुंदीचा पाषाण सेकंदाला १९ किलोमीटर वेगाने आला आणि जमिनीपासून तीसेक किलोमीटरवर फुटला. सूर्याच्या दिशेने आल्यामुळे दुर्बिणींना तो आधी दिसलाच नाही. आभाळ लखलखलं, पण आवाज नाही. काय झालं ते बघायला माणसं खिडक्यांशी गेली. दोन मिनिटं उलटल्यावर धक्का आला आणि काचा फुटल्या. सुमारे दीड हजार जखमींपैकी बहुतेकांना काचाच लागल्या. एका शाळेतल्या बाईंनी मात्र उजेड दिसताच चौथीच्या ४४ मुलांना बाकांखाली बसवलं. मुलं सुखरूप राहिली. काच बाईंच्याच हाताला लागली.

ऐकू आला तो आवाजाचा एक भाग. उरलेला इतका खोल होता की आपल्या कानांना तो कळतच नाही. सेकंदाला वीसपेक्षा कमी कंपनांचा हा अवश्राव्य ध्वनी, म्हणजे इन्फ्रासाउंड. दांडेलीच्या रानात येणारे हत्ती असल्याच आवाजात दूरवर बोलतात. हवा तो फारसा शोषून घेत नाही, म्हणून तो हजारो किलोमीटर जातो. चोरून केलेले अणुस्फोट पकडण्यासाठी व्हिएन्नाच्या अणुचाचणीबंदी संघटनेने अशा आवाजासाठी साठ केंद्रांचं जाळं आखलं आहे. त्यातल्या वीस केंद्रांनी चेल्याबिन्स्कचा धक्का टिपला. सर्वांत लांबचं १५,००० किलोमीटरवर, अंटार्क्टिकात! भारताने त्या करारावर सही केलेली नाही, त्यामुळे आपल्या भूमीवर असं केंद्र नाही. राजकारण बाजूला ठेवलं तरी याची चुटपुट लागतेच.

जागा कशी सापडते? एका केंद्रावर हवेचा दाब मोजणारी अनेक यंत्रं अंतरा-अंतरावर मांडलेली असतात. लाट आधी कुणाकडे आली, मग कुणाकडे, यावरून दिशा कळते. दोन-तीन केंद्रांवरून दिशेच्या रेघा नकाशावर ओढल्या की त्या जिथे छेदतात, तिथे स्फोट. प्रत्यक्षात वरचे वारे लाटेला वाकवतात आणि उल्काही एका जागी थांबून फुटत नाही, त्यामुळे हिशेब किचकट होतो.

डिसेंबर २०१८ मध्ये कामचाटकाजवळ बेरिंग समुद्रावर १७३ किलोटन ताकदीची उल्का फुटली. खाली वस्ती नव्हती. उपग्रहांनी तिचा उजेड टिपला, आणि हजारो किलोमीटरवरच्या केंद्रांनी तिचा आवाज. बाकीच्या जगाला ते कळलं २०१९ च्या मार्चमध्ये.