लेटरहेड आहे का?

चार वर्षं झाली, पण तो प्रश्न अजून डोक्यातून जात नाही. "लेटरहेड आहे का, मॅडम?"

मी शंभर ग्रॅम अगार पावडर आणि 20 पेट्री डिश मागितल्या होत्या. दुकान पेठेतलंच, नाव घेत नाही. काउंटरवरच्या गृहस्थांनी आधी कॉलेज कोणतं ते विचारलं. घरी हवंय म्हटल्यावर चष्म्यावरून बघितलं. "घरी काय करणार?" मी सांगायला लागले, की बारावीनंतर जीवशास्त्र सुटलं, 26 वर्षं बँकेत गेली, आता हाताशी वेळ आहे. तेवढ्यात त्यांनी फोन घेतला. फोन झाला आणि मग तो प्रश्न आला.

पैसे रोख होते. आधार कार्ड पर्समध्ये होतं. नाव, पत्ता, काय करणार ते सगळं लिहून देते म्हटलं. "तसं चालत नाही." मागून एका कॉलेजचे शिपाई आले, त्यांनी चिठ्ठी पुढे केली, आणि माझ्यासमोर काढून ठेवलेली तीच बाटली त्यांच्या पिशवीत गेली. त्या भल्या माणसाशी माझं भांडण नाही. पण बाटलीत काय आहे, कशाला लागतं, हे त्यांना कुणी विचारलं नाही. चिठ्ठीवर शिक्का होता. मी मात्र अगार समुद्रातल्या लाल शेवाळापासून होतं इथपासून सांगायला तयार होते, आणि ऐकणारं कुणी नव्हतं. पायऱ्या उतरताना डोळ्यांत पाणी आलं, हे मी घरी कुणाला सांगितलेलं नाही.

राग येतो तो हे पुण्यात घडलं म्हणून. आयुकाच्या मुक्तांगण शोधिकेत अरविंद गुप्तांनी टाकाऊ वस्तूंतून विज्ञान शिकवलं ते याच शहरात. हिंदुस्तान लिव्हरमधलं संशोधन सोडून डॉ. श्रीनाथ कलबागांनी 1983 साली पाबळला विज्ञान आश्रम काढला, तोही याच जिल्ह्यात. आणि पुण्याबाहेर बघायचं तर 2017 साली शास्त्रज्ञ मनू प्रकाश यांच्या गटाने कागदाच्या चकतीचा सेंट्रीफ्यूज केला, मिनिटाला सव्वा लाख फेरे घेणारा. त्याचं तत्त्व काय, तर दोऱ्यात बटण ओवून आपण लहानपणी गरगरवायचो ती भिंगरी!

घरी येताना वाण्याकडे चायना ग्रासचं पाकीट दिसलं. तेच अगार. थोडं कमी शुद्ध, एवढंच. त्याला लेटरहेड लागत नाही.

वरच्या मजल्यावरचा आठवीतला मुलगा माझा भिडू. जेलमधून वीज सोडून रंगातले घटक वेगळे करायचे, हा पहिला प्रयोग. साबणाची पसरट पेटी, दोन्ही टोकांना स्टीलची तार, एकमेकींत अडकवलेल्या नऊ व्होल्टच्या पाच बॅटऱ्या. लिटरभर पाण्यात दोन ग्रॅम खायचा सोडा, हा आमचा बफर. त्यातल्याच 100 मिलीत एक ग्रॅम चायना ग्रास उकळून जेल लावलं, आणि जुन्या एटीएम कार्डाचे दात कापून खाचा पाडल्या. खाचेत इन्सुलिनच्या सिरिंजने मिठाईचा हिरवा रंग सोडला, तर तो वर तरंगून सगळीकडे पसरला. तीन दिवस हेच. मग तो म्हणाला, "काकू, पाक करू या का?" रंगात साखर विरघळवली आणि थेंब अलगद तळाशी बसला. तारांवर बुडबुडे यायला लागले. पाऊण तासाने हिरव्याचे दोन पट्टे झालेले: पिवळा पुढे, निळा मागे. कडा फिसकटलेल्या होत्या, पण पट्टे दोनच. आम्ही दोघं बॅटऱ्या उतरेपर्यंत बघत बसलो.

मग धीर वाढला. जुन्या बाजारातून कॉम्प्युटरचा पंखा, तपकीर गल्लीतून थर्मोस्टॅटची पट्टी आणली. थर्माकोलच्या खोक्यात 40 वॉटचा बल्ब लावून इन्क्युबेटर केला, 37 अंशांवर. बटाट्याच्या पाण्यात चायना ग्रास घालून जॅमच्या बाटल्यांत ओतलं आणि त्यावर भिडे पुलाखालच्या मुठेच्या पाण्याचे थेंब टाकले. दोन दिवसांत जंतूंचे गुलाबी, पिवळे, बुळबुळीत ठिपके. मी चहा ठेवायला वळले, तेवढ्यात त्या मुलाने झाकण उघडून नाक आत घातलं.

त्याला काही झालं नाही. पण माझे हात थरथरत होते. 37 अंश म्हणजे आपल्या अंगाचंच तापमान. तिथे फोफावतं ते आपल्या अंगातही फोफावू शकतं, हे मला माहीत होतं. तरी ते खोकं मी स्वयंपाकघरात, दह्याच्या पातेल्याशेजारी ठेवलं होतं. बाटल्या कुकरमध्ये पूर्ण दाबावर अर्धा तास ठेवल्या. तो कुकर परत स्वयंपाकाला घेतला नाही. त्या रात्री वाटलं, दुकानदाराचं बरोबरच होतं. सकाळी पुन्हा वाटलं, नाही. त्यांनी धोक्याचं काही विचारलंच नव्हतं, नुसता कागद मागितला होता. दोन शब्द सावधगिरीचे सांगितले असते तर ते मी ऐकले असते. आजही या दोन्हींत माझं मन ठरत नाही.

कुणी घरी सुरुवात करणार असेल तर रंगांपासून करा, केळ्यातला डीएनए काढा, पण नदीच्या पाण्यातले जंतू घरात वाढवू नका. त्यासाठी प्रत्येक वॉर्डात एक खोली हवी, ओटा, कुकर आणि जाणता माणूस असलेली. व्यायामशाळा होतात, मग ही का नाही?

गेल्या महिन्यात त्याच दुकानात गेले. फिल्टर पेपर मागितला, गृहस्थांनी काही न विचारता दिला. जेलचा फोटो मोबाइलमध्ये काढून ठेवला होता, पण मागे रांग होती. दाखवायचा राहून गेला.