पागोळ्या, प्लायवूड आणि पाहुणे

कोकणातल्या जुन्या घरात वाळवी येते ती बहुधा जोत्याच्या भेगेतून. जांभ्याच्या भिंतीवर मातीची बारीक नळी चढलेली दिसली की समजावं, वाशापर्यंत तिची वाट तयार आहे. नळी खरवडून समाधान मानणारे पुष्कळ. पण वाळवीला लाकडाइतकीच ओल हवी असते. पागोळ्यांचं पाणी जोत्यात मुरतंय तोवर ती पुन्हा येणारच.

फ्लॅटवाल्यांना वाटतं, आपण सुटलो. वाळवी सिमेंट खात नाही हे खरं, मात्र ओल्या भिंतीला टेकवलेलं प्लायवूडचं कपाट तिला चालतं. म्हणून पाया भरतानाच मातीत औषध देण्याची पद्धत आहे. भारतीय मानक ६३१३ त्यासाठीच. गिऱ्हाईक टाइल्सचा रंग दहादा विचारतं, हे एकदाही नाही!

झुरळांचं राज्य तर उंच इमारतींतच. जर्मन झुरळाच्या एका अंडकोशात ३० ते ४० अंडी असतात, आणि किराण्याच्या खोक्यातून एक मादी घरात आली तरी पुरते. शेजाऱ्याकडे फवारणी झाली की उरलेली मंडळी पाइपांच्या डक्टमधून इकडे मुक्कामाला. सिंकखालच्या पाइपभोवतीची भोकं बुजवून कोपऱ्यात जेलचे ठिपके लावणं, हे वास मारणाऱ्या फवाऱ्यापेक्षा सरस.

उंदरांची गोष्ट वेगळी. लहान घरउंदीर पेन्सिलीच्या जाडीच्या फटीतूनही शिरतो, तेव्हा फट आधी तारेच्या जाळीनं आणि सिमेंटनं बंद करावी. जुन्या घरात विषाच्या वड्या टाकणं तर नकोच. मेलेला उंदीर नेमका माळ्यावरच्या अडगळीत सापडतो, तोही आठवड्यानं.