चूक

आमच्या धंद्यात आखूड खिळ्याला 'चूक' म्हणतात. या शब्दाचा दुसरा अर्थ सर्वांना ठाऊक आहे. हा अर्थ मी आण्णांच्या दुकानात शिकलो. दुकान कसले, एस. टी. स्टँडच्या कोपऱ्यावर छत्रीखाली अंथरलेले पोते!

चांभाराची चूक अर्ध्या इंचाची, डोक्याला चपटी. आण्णा पाच-सहा चुका ओठांत धरीत आणि एकेक काढून ठोकीत. बूट लोखंडी पायावर उपडा घालायचा. चूक तळातून आरपार गेली, की तिचे टोक लोखंडावर आपटून वळते आणि उलट चामड्यातच रुतते. मग ती सुटत नाही, पायाला टोचतही नाही. कोल्हापुरी पायताणाची तऱ्हा वेगळी. जुन्या पद्धतीत ते चामड्याच्या वादीनेच शिवतात, तेथे चुकेला काम नाही.

एकदा आण्णा जेवायला गेले असता आपल्याच महाविद्यालयातील एका सरांचा बूट मी घाईने पोत्यावरच धरून ठोकला. टोक वळलेच नाही.

संध्याकाळी सर लंगडत आले. मोज्याला रक्त लागले होते. आण्णांनी माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही. हात जोडून म्हणाले, "माझी चूक झाली, साहेब."

मी पुस्तकात डोके खुपसून बसलो.

आण्णांनी ती चूक उपसली, दुसरी नीट ठोकली, पैसे घेतले नाहीत. घरीही ते चकार शब्द बोलले नाहीत.

याला दोन वर्षे झाली. हा अंक सरांच्या हाती पडेलच. सर, ती चूक माझी होती.